रोजा म्हणजे डाएट प्लॅन नव्हे

रोज्यांनी महिन्यात वजन उतरवा, असे सांगणारे व्हिडिओ रमजानच्या तोंडावर फिरू लागतात. माझा त्यांना विरोध आहे. रोजा ही इबादत आहे, वजनकाट्याची चाकरी नव्हे.

शिवाय हा हिशेबही फसवा आहे. सुरुवातीला झपाट्याने घटते ते बरेचसे पाणी असते. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा आटला की तेही जाते आणि ईदच्या शीरखुर्म्यासोबत दोन्ही परततात.

टिकते ती सवय. इफ्तारला भजी-समोसे कमी, फळे जास्त; सहरीला डाळ, भाकरी, अंडे; पोट गच्च होण्याआधी हात थांबवणे. हे पुढचे अकरा महिने चालले तरच खरे. महिनाभर शिस्त आणि वर्षभर बेशिस्त, याला संयम कसे म्हणायचे?