मालिकेत होडी आली, पण तांडेलाचं ऐकतंय कोण?

वर्सोवा, मढ, मनोरीला शूटिंग नवं नाही. मुलांच्या मालिकेत कोळीवाडा दाखवायचा म्हटलं की होडी लागतेच. होडीवाल्याला भाडं मिळतं, मासळीबंदीत तर ते पैसे कामाचेच. त्याला आमचा विरोध नाही. प्रश्न पोरांच्या जिवाचा आहे.

वल्ह्याची छोटी होडी हलकी असते. एका अंगाला तीन-चार माणसं झुकली की कलंडते. त्यात कॅमेरावाला उभा, दिवा धरणारा उभा आणि पोराला सांगतात नाळेवर जाऊन बस! वर ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे ओढतं. ते तांडेलाला कळतं, दिग्दर्शकाला नाही. डिसेंबर 2024 मध्ये गेटवेजवळ नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, तेराहून जास्त जीव गेले. तेव्हा लाइफ जॅकेटवर बरीच चर्चा झाली. पण कोळ्याच्या पोराच्या वेशात जॅकेट दिसायला नको, म्हणून काढायला लावलं तर?

2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, कमाईचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे ठेव म्हणून ठेवावा लागतो. परवानगी जिल्हाधिकारी देतात.

मग त्याच अर्जात भरती-ओहोटीची वेळ आणि तांडेलाची सही का मागू नये? आम्ही बैलजोडी भाड्याने दिली तरी सोबत आपला माणूस पाठवतो. होडीवर ‘आता नको’ म्हणायचा हक्क तांडेलाचाच हवा, त्या दिवसाचं भाडं न कापता.