दान द्यावे, पण पारखून

दात्याचे मन कोवळे असते आणि फसवणाऱ्याची नजर नेमकी त्या कोवळेपणावर असते. मोबाइलच्या पडद्यावर नळ्यांनी वेढलेले मूल दिसते. खाली ‘फक्त दोन तास उरले’ असा मजकूर आणि शेजारी क्यूआर कोड. कणव दाटून येते, बोट पुढे सरसावते. आणि पैसे कोणाच्या खात्यात चालले आहेत, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

मार्च २०२० मध्ये ‘पीएम केअर्स’ निधी जाहीर झाला आणि लगोलग त्याच्याशी मिळताजुळता यूपीआय पत्ता समाजमाध्यमांवर फिरू लागला. खऱ्या पत्त्यातील ‘केअर्स’चे शेवटचे एक अक्षर खोट्या पत्त्यात गाळलेले होते. निधी खरा, हेतू खरा. केवळ एका अक्षराने वाट बदलली होती.

आजही बनावट आवाहनांची रीत बहुधा हीच असते. छायाचित्र आणि रुग्णालयाचा कागद एखाद्या खऱ्या आवाहनातून उचललेला असतो. बदललेला असतो तो क्यूआर कोड. म्हणून कहाणीपेक्षा खाते तपासणे अधिक महत्त्वाचे. यूपीआयने पैसे देण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. आवाहन संस्थेचे आणि नाव अनोळखी व्यक्तीचे असेल, तर तिथेच थांबावे.

रुग्णासाठी आवाहन असेल, तर त्यावर छापलेल्या क्रमांकाऐवजी रुग्णालयाचा क्रमांक स्वतः शोधून दूरध्वनी करावा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. त्यांच्याकडे चौकशी करून रक्कम थेट रुग्णालयात, रुग्णाच्या नावे भरता येते का, हे विचारावे. खऱ्या गरजवंताला असा दाता नकोसा होत नाही. नकोसा होतो तो भामट्याला.

पर्युषणाच्या दिवसांत पांजरपोळांची व जीवदयेची आवाहने वाढतात. तेव्हा संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी विचारावी. ‘८० जी’ एवढे छापले म्हणजे पुरावा झाला, असे नाही. करसवलतीस पात्र संस्था दात्याचा पॅन घेते, पावती देते आणि पुढे दानाचे प्रमाणपत्र देते. २,००० रुपयांहून अधिक रोख दानावर ही सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. दान स्वीकारण्यासाठी दात्याचा ओटीपी किंवा पिन कोणालाही विचारावा लागत नाही. पावतीच्या नावाखाली आलेले अनोळखी ॲप तर उघडूच नये.

फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाताबाहेर जाते.

आणखी एक जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांची. कौटुंबिक गटात त्यांनी पुढे धाडलेला संदेश ‘काकांनी पाठवला म्हणजे खराच’ अशा विश्वासाने वाचला जातो. न तपासता तो पुढे पाठवणे म्हणजे आयुष्यभर जपलेली आपली पत अनोळखी माणसाच्या हाती देणे होय.

ठगाच्या हाती गेलेले पाचशे रुपये एकवेळ विसरता येतात. परंतु एकदा पोळलेला हात पुढच्या आवाहनाला आखडतो. त्या वेळी कदाचित खरेच एखादे मूल उपचारांची वाट पाहत असते. त्याच्या वाट्याचे त्याला मिळावे, एवढ्यासाठी पाच मिनिटांची चौकशी हाही दानाचाच भाग मानावा.