दलील नाकारणे म्हणजे निष्कर्ष नाकारणे नव्हे

यूट्यूबवरच्या वादविवादांमुळे एक दलील आपल्या पोरांच्या तोंडी बसली आहे. ज्याला सुरुवात असते त्याला कारण असते. विश्वाला सुरुवात आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. अमेरिकेतले ख्रिस्ती तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांनी १९७९ साली या दलिलीवर पुस्तक लिहिले आणि तिला ‘कलाम’ हे नाव दिले, कारण तिचे मूळ इल्मे-कलाममध्ये, विशेषतः इमाम गझालींच्या लिखाणात आहे. मेहरूणमध्ये आमच्या गल्लीतली बारावीची मुलेही ती फाडफाड म्हणून दाखवतात. मला याचा आनंदच आहे. काळजी वाटते ती पुढच्या क्षणाची. त्यांच्यातल्याच एकाने विचारले, “पण पहिले वाक्य खरे कशावरून?” की बाकीचे त्याच्याकडे असे बघतात, जणू त्याने अल्लाहलाच नाकारले.

त्याने फक्त एका वाक्याचा पुरावा मागितला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. फंक्शन अगदी बरोबर लिहिलेले असले तरी आत चुकीचा डेटा गेला तर उत्तर चुकीचेच येते. त्यात फंक्शनचा दोष नसतो. उलटही होते. फंक्शन मोडके असते आणि उत्तर योगायोगाने बरोबर येते. टेस्टिंग करणाऱ्याला विचारा, हा दुसरा प्रकार जास्त छळतो. दलिलीचेही तसेच आहे. वाक्यांची जोडणी बरोबर आहे का, ती वाक्ये खरी आहेत का आणि निष्कर्ष खरा आहे का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. कलामच्या दलिलीची जोडणी निर्दोष आहे. तिचा निष्कर्ष मला मान्य आहे. वाद आहे तो आधीच्या दोन वाक्यांबद्दल. शिवाय ‘विश्वाला कारण आहे’ इथपासून ‘ते कारण म्हणजे दयाळू, सर्वज्ञ अल्लाह’ इथपर्यंत आणखी बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि व्हिडिओत त्या एका उडीत पार होतात.

मदरशात शिकलेल्या मित्रांना यात नवे काही वाटणार नाही. दर्से-निझामीत मंतिक शिकवतात. सुगरा, कुबरा आणि नतीजा हे शब्द त्यांना पाठ असतात. मंतिकच्या सुरुवातीच्या पुस्तकाचे ‘ईसागोजी’ हे नाव मुळात ग्रीक आहे, पॉर्फिरीच्या ग्रंथावरून अरबीत आलेले. म्हणजे अ‍ॅरिस्टॉटल आपल्या मोहल्ल्यात कित्येक पिढ्या राहतो आहे. इंजिनिअरिंगची मुले ट्रूथ टेबल शिकतात, मदरशातली मुले मंतिक शिकतात, आणि दोघांना आपण एकच विषय शिकतो आहोत याचा पत्ता नसतो.

आता गझालींकडेच जाऊ. १०९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘तहाफुतुल-फलासिफा’मध्ये त्यांनी तत्त्वज्ञांचे वीस मसले तपासले. खंडनाचा ग्रंथ म्हणून त्याचे नाव सर्वांनी ऐकलेले असते, पण त्यातल्या काही चर्चांचे स्वरूप सहसा कोणी सांगत नाही. खुदा एकच आहे यावर गझालींचा पूर्ण ईमान. तरी पाचव्या चर्चेत ते दाखवतात की तत्त्वज्ञांनी दिलेल्या दलिलीतून हे सिद्ध होत नाही. अठराव्या चर्चेत आत्म्याबद्दल तेच. निष्कर्ष कबूल, दलील नाकबूल. आमच्या गल्लीतल्या त्या पोराने याहून वेगळे काय केले?

सतरावी चर्चा तर ‘कारण’ या शब्दावरच आहे. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात तिचे उदाहरण चटकन कळेल. कापूस विस्तवाला लागला की जळतो. गझाली विचारतात, तुम्ही नेमके काय पाहिले? विस्तव लागला आणि कापूस जळाला, एवढेच. विस्तवा‘मुळे’ जळाला हे डोळ्यांना दिसले नाही, ते आपण जोडले. त्यांचे उत्तर होते की जाळणारा अल्लाह आहे. साडेसहाशे वर्षांनी स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने बिलियर्डच्या चेंडूंवरून हीच शंका घेतली आणि तो सवयीच्या उत्तरावर थांबला. प्रश्न एकच, मुक्काम वेगवेगळे. कुर्तुबाच्या इब्ने रुश्दने बाराव्या शतकात गझालींच्या ग्रंथाला उलट ग्रंथ लिहिला आणि मसल्यामागून मसला घेऊन उत्तर दिले. तोही मुसलमान, तोही काझी.

ख्रिस्ती जगातही असेच घडले. गझालींच्याच काळातला अ‍ॅन्सेल्म म्हणाला: ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर, नुसते मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणे थोर, म्हणून ईश्वर प्रत्यक्षात असलाच पाहिजे. गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवासी साधूने तोच साचा उचलला आणि त्यात एक बेट घातले. ज्याहून सुंदर बेट कल्पिता येत नाही, ते प्रत्यक्षात असलेच पाहिजे की! (मी शिकवताना बेटाऐवजी मेहरूणचे बोर घेतो. ज्याहून गोड बोर कल्पिता येत नाही ते कुठल्यातरी झाडाला लागलेलेच असणार. पोरे हसतात आणि मुद्दा कळतो.) गॉनिलोचा ईश्वरावर विश्वास होताच. आणि अ‍ॅन्सेल्मचा मोठेपणा असा की आपल्या ग्रंथाच्या नकला काढताना हा आक्षेप आणि त्यावरचे आपले उत्तर दोन्ही सोबत जोडावे, असे त्याने सांगितले.

हे सगळे परदेशातले वाटत असेल तर जळगावहून सुरतकडे जाणारी गाडी पकडा आणि अमळनेरला उतरा. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासविहारी दास, मलकानी यांच्यासारखी माणसे आपल्या जिल्ह्यात बसून कांट आणि शंकराचार्य एका टेबलावर मांडत होती. १९८३ साली पुण्यात प्रा. मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांनी न्यायशास्त्राच्या पारंपरिक पंडितांसमोर बर्ट्रांड रसेलचे विचार संस्कृतातून ठेवले. त्या पंडितांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञान परके वाटले असेल, पण दलिलीची हाडे मोजण्यात त्यांचा हात धरणारे कोण होते? मंतिक शिकलेल्या आपल्या मौलानांसोबत अशी बैठक जळगावात का होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कारण हे कौशल्य फक्त मोठ्या प्रश्नांसाठी नाही. पुण्यात भाड्याने घर शोधताना एका दलालाने मला अगदी नम्रपणे सांगितले, “तुम्ही चांगले आहात हो, पण बातम्यांत बघता ना, पकडले जातात ते कोण असतात.” पकडले गेलेले काही जण मुसलमान आहेत, यावरून मुसलमान तसे असतात हे निघत नाही. ‘काही ब हे अ आहेत’ या वाक्याला उलटे फिरवून ‘सगळे अ हे ब आहेत’ करता येत नाही. अशी दलील जोडणीतच मोडते. बातम्या खऱ्या की खोट्या इथपर्यंत जायचीसुद्धा गरज पडत नाही.

पण हाच मोडका साचा आपल्या चौकातही चालतो. ‘समाजाचे दुश्मन आपल्या चालीरीतींवर टीका करतात. तूही टीका करतोस. म्हणजे तू दुश्मनांचा.’ मांजर दूध पिते, मीही दूध पितो, तेव्हा मी मांजर. दलालाच्या बोलण्यात आपल्याला खोट दिसते आणि चौकातल्या बोलण्यात दिसत नाही, यात तर्कापेक्षा सोयीचा भाग जास्त आहे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते न बोललेल्या वाक्याने. खानदेशात, आपल्या घरांतही, वडील गेल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. दलील ठरलेली: “तुझ्या लग्नाला खर्च केला, आता हिस्सा कसला?” ती कागदावर तीन ओळींत लिहून बघा. पहिली ओळ, लग्नाला खर्च झाला. तिसरी ओळ, म्हणून हिस्सा नाही. मधली ओळ कोणी उच्चारत नाही, कारण ती अशी आहे: लग्नाचा खर्च म्हणजेच वारसाहक्क. सूरतुन-निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे आणि त्यात लग्नाच्या जेवणावळीची वजावट कुठेही नाही. शिवाय लग्न भावाचेही झालेले असते, मांडव त्याच्याही दारात पडलेला असतो. त्याचा खर्च त्याच्या हिश्श्यातून वजा झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

यावर मोठी माणसे म्हणतात, “आपल्याकडे बहिणी सोडतातच.” इथे पुन्हा ह्यूम कामी येतो. ‘असे आहे’ या वाक्यातून ‘असे असावे’ हे वाक्य आपोआप निघत नाही, हे त्याने १७४० मध्ये दाखवून दिले. मधे आणखी एक वाक्य लागते: जे चालत आले तेच योग्य. ते वाक्य कोणाला मान्य असेल तर त्याने ते उघड म्हणावे, म्हणजे त्यावर बोलता येईल.

आमच्याकडे काही मुले-मुली सुटीत जमतात तेव्हा आम्ही एवढेच करतो. एक दलील घ्यायची, तिची सगळी वाक्ये, न बोललेलीसुद्धा, फळ्यावर लिहायची, आणि ज्याला निष्कर्ष मान्य आहे त्यालाच ती मोडायला सांगायची. गेल्या खेपेला हक्कसोडाची मधली ओळ एका मुलीने फळ्यावर लिहिली आणि तिचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. घरी दाखवायला, म्हणाली.