स्वस्ताई कोणाच्या खिशातून?

कोणत्या राज्यात राहणं परवडतं, याचे तक्ते हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतात. घरभाडं, भाजीपाला, रिक्षा, कामवालीचा पगार, गवंडी-प्लंबरची मजुरी, खाली बेरीज. ज्याची बेरीज कमी, त्या राज्याला शाबासकी. माझा आक्षेप साधा आहे. या तक्त्यांतल्या बऱ्याचशा ओळी वस्तूंच्या किमतींच्या नसून माणसांच्या मजुरीच्या असतात. एका घरात खर्च म्हणून लिहिलेली रक्कम दुसऱ्या घरात उत्पन्न म्हणून पोचते. तक्ता मांडणारा मात्र नेहमी पहिल्याच घरात बसलेला असतो.

मी बडोद्यात राहते. इथल्या आम्हा मध्यमवर्गीय मराठी मंडळींचं केरळविषयीचं मत ठरलेलं आहे: तिथे सगळं महाग, मजूर डोक्यावर चढून बसलेले, जिथे तिथे युनियन, कारखाने नाहीत, म्हणून पोरं आखातात. आणि आपलं गुजरात कसं? स्वस्त आणि सुरळीत. ठीक आहे, घेऊ हीच दोन राज्यं.

रिझर्व्ह बँक दरवर्षी राज्यांची आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्यानुसार 2022-23 मध्ये ग्रामीण शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी केरळात सुमारे 764 रुपये होती आणि गुजरातेत 242. देशाची सरासरी 346. म्हणजे उद्योगात आघाडीवर असल्याचा डांगोरा पिटणारं राज्य शेतमजुराला देशाच्या सरासरीइतकंही देत नाही. बांधकामावरच्या मजुराचीही तीच गत: केरळात साडेआठशेच्या आसपास, गुजरातेत सव्वातीनशेच्या आत. आता केरळात डाळ, डिझेल, औषधं किंवा मोबाइलचं रिचार्ज काही तिप्पट दराने विकलं जात नाही. तेव्हा 'केरळ महाग आहे' या वाक्यातला मोठा भाग एवढाच उरतो, की तिथे तीनशे रुपयांत दिवसभर राबणारा माणूस मिळत नाही. ही तक्रार असेल तर ती कोणाची, हे तरी स्पष्ट म्हणावं.

2022-23 च्या राष्ट्रीय उपभोग खर्च पाहणीचे आकडे बघा. शहरी भागात माणशी मासिक खर्च केरळात सुमारे 7,078 रुपये, गुजरातेत 6,621. फार मोठं अंतर नाही. खेड्यात मात्र केरळचा 5,924 आणि गुजरातचा 3,798. यात थोडा वाटा किमतींच्या फरकाचा असेलही. पण किमतींचाच प्रश्न असता तर शहरातही एवढीच दरी दिसली असती. फरक खेड्यात पडतो, आणि परवडण्याचे तक्ते खेड्यात पायच ठेवत नाहीत.

जीवनमान म्हणजे नुसता खर्च नव्हे, असं म्हणाल, तर तेही पाहू. नमुना नोंदणी पाहणीनुसार 2020 साली दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालकं केरळात 6, गुजरातेत 23. लाख प्रसूतींमागे मातामृत्यू 2018-20 या काळात 19 आणि 57. पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत केरळात शेकडा 23, गुजरातेत 39. दरडोई उत्पन्नात गुजरात केरळच्या मागे नाही, त्यामुळे पैसा नव्हता ही सबब इथे चालायची नाही. हजारामागे जादा गेलेली ही सतरा बाळं तक्त्याच्या कोणत्या रकान्यात धरायची?

केरळचं कौतुक करताना डोळे मिटायची गरज नाही. सुशिक्षित तरुणांची बेकारी तिथे मोठी आहे आणि गुजरातेत बेकारीचा दर कमी दिसतो. पण रिकामं बसणं गरिबाला परवडत नाही. 242 रुपयांवर राबणाराही सरकारी पाहणीत 'रोजगारप्राप्त'च ठरतो. आखातातून आलेल्या पैशाने केरळातली मजुरी वाढली, हेही खरं. माल न उचलता नुसतं बघत राहण्याची 'नोक्कुकूली' वसूल करण्याची तिथली प्रथा तर लाजिरवाणीच होती. पण 1970 पासून कुळांना जमीन देणारा कायदा अमलात आला, 1974 मध्ये शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला, ते आखाताने केलं नाही. बंगाल-ओडिशातून तिथे गेलेल्या मजुरांना स्थानिकांपेक्षा कमी मिळतं, दाटीवाटीत राहावं लागतं. तरी 2017 पासून त्यांच्यासाठी 'आवाज' ही आरोग्यविम्याची योजना सरकारला आणावी लागली. ओडिशाच्याच गंजाम जिल्ह्यातले हजारो लोक वर्षानुवर्षं सुरतेच्या यंत्रमागांवर राबतात. त्यांच्या श्रमावर जगणाऱ्या आपल्या शहरांनी निदान तेवढी लाज तरी बाळगावी.

शेवटची सबब संस्कृतीची: केरळची गोष्टच वेगळी, तिथला इतिहास वेगळा. त्रावणकोरच्या राणीने 1817 साली शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असं फर्मान काढलं, हे बरोबर. पण ज्या शहरात बसून मी हे लिहिते आहे, तिथल्या सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते राज्यभर नेलं. आम्ही बडोद्याचे मराठी लोक त्यांचं नाव घेऊन मिरवतो. तेव्हा या मातीत बी नव्हतं, असं निदान आम्ही तरी म्हणू नये. पेरलेल्याला पाणी घालायचं पुढच्यांनी सोडलं, आणि मजूर स्वस्त राहतो म्हणून आम्हालाही त्याची फारशी खंत वाटली नाही.

घरभाडं, वीज, पेट्रोल यांची तुलना खुशाल करा. राज्य बदलणाऱ्याला ती लागतेच. पण मजुरीच्या ओळी खर्चाच्या बाजूला मांडायच्या असतील, तर शेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्या मजुरीत समोरच्याचं काय भागतं ते लिहा. तिचं मूल कोणत्या शाळेत जातं, आजारी पडली तर ती कुठे जाते, म्हातारपणी तिच्या हातात काय उरतं. हा रकाना भरल्याशिवाय कोणतंही राज्य स्वस्त आहे, असं मी मानणार नाही.