ध्वज उतरवायला कोण?

वस्तीतल्या बागेत स्वातंत्र्यदिनाला होणारे झेंडावंदन दोन प्रकारच्या माणसांवर चालते. काही साडेसातला येतात आणि काही साडेपाचला आलेले असतात. साडेसातवाल्यांची नावे फलकावर झळकतात. साडेपाचवाल्यांना कार्यकर्ते म्हणतात आणि 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे' या शब्दांत त्यांचे आभार उरकतात. तोवर श्रोते जिलबीच्या दिशेने सरकलेले असतात.

साडेपाचची कामे भाषणात न येणारी. रात्रीच्या पावसाने चिंब झालेल्या खुर्च्या पुसायच्या, चिखलावर फक्की मारायची, मंडपवाला फोन उचलेपर्यंत दम धरायचा. सगळ्यांत जोखमीचे काम मात्र गाठीचे. लाल किल्ल्यावर १५ ऑगस्टला ध्वज खालून वर चढवतात, तर कर्तव्यपथावर २६ जानेवारीला वर बांधलेला ध्वज उलगडतात. बागेत हा भेद कुणी पाळत नाही. दोन्ही दिवशी घडी आधीच वर पोचलेली असते, पाहुण्यांनी फक्त हिसका द्यायचा. आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही, पण त्यांचे ओझे सांभाळून सुरगाठ अशी बसवावी लागते की वर जाताना ती सुटू नये आणि हिसका बसताच सुटावी. हे जमणारा माणूस वस्तीत बहुधा एकच, निवृत्त पी.टी.चे सर. पाहुणे दोन दोऱ्यांपैकी नेमकी नको ती ओढतात, गाठ आवळते, राष्ट्रगीतासाठी सरसावलेली पेटी थबकते आणि सर पुढे होऊन कुजबुजतात, "साहेब, डावीकडची." पेपरात फोटो येतो तो साहेबांचा.

मुंबईत मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. नगरसेवक नाहीत म्हटल्यावर पाहुण्यांची टंचाई होईल, असे भाबड्यांना वाटले होते. झाले उलटेच. एका 'विद्यमान'च्या जागी 'माजी' आणि 'भावी' असे दोन-दोन येऊ लागले आणि हारांचा खर्च वाढला.

साडेनऊला बाग रिकामी होते. कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, असे संहितेत स्पष्ट लिहिले आहे. ते गोळा करायला वाकतात ते पुन्हा साडेपाचवालेच. पण खरा प्रश्न पुढचा आहे. ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश, सन्मानाने उतरवावा, असे २००२ ची संहिता सांगते. म्हणजे घाई चढवताना अपेक्षित आहे. आपण चढवायला तासभर भाषणांची वाट पाहतो आणि उतरवायचे विसरून जातो. पूर्वी सूर्यास्ताची अट होती, त्यामुळे निदान रखवालदाराला तरी कुणी आठवण करायचे. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने नागरिकांना ध्वज दिवसरात्र फडकवायची मुभा दिली. तिच्यामागचा हेतू चांगलाच होता. आमच्या उत्सव समित्यांनी मात्र त्या मुभेचा अर्थ 'संध्याकाळी यायला नको' असा लावला. त्याआधी डिसेंबर २०२१ पासून पॉलिएस्टरचा ध्वजही चालू लागला होता. तो भिजला तरी चटकन वाळतो, म्हणजे विसरायला आणखी सोपा.

फाटका किंवा विटलेला ध्वज लावू नये, ही अट मात्र कोणत्याही दुरुस्तीने उठलेली नाही. तरीही बागेत गणपतीच्या मांडवाचे बांबू येऊन पडतात, तेव्हा स्तंभावर तोच ध्वज कडेने उसवलेला, पावसाने विटलेला दिसतो. मग कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकतो, खाली 'लज्जास्पद' असे सात-आठ जण लिहितात आणि शेवटी फोन पी.टी.च्या सरांनाच जातो.

पुढच्या वर्षी निमंत्रणपत्रिकेत एक ओळ वाढवायला हरकत नाही: ध्वजावतरण, सूर्यास्ताच्या वेळी, अमुक यांच्या हस्ते. त्या मानासाठी माजी-भावींची झुंबड उडण्याची शक्यता कमी आहे, त्यामुळे भाषणेही टळतील. जिलबी मात्र तेव्हाही ठेवावी लागेल.