भाजी चिरायला डिग्री?

मे महिन्याच्या शेवटी रत्नागिरीहून फोन आला की दोनच शक्यता असतात. एकतर आंब्याची पेटी पाठवलेली असते, नाहीतर कुणाची तरी बारावी झालेली असते. यंदा आत्याचा फोन दोन्हीसाठी होता. "पेटी मिळाली ना? बरं, आता बायचं काय करायचं ते सांग. तू मुंबईत असतेस, तुला यातलं कळतं."

तुमच्यापैकी निम्म्यांना हा फोन ओळखीचा असेल. शहरात नोकरी करणारा माणूस म्हणजे गावाकडच्या नातेवाइकांचं चालतंबोलतं करिअर गाइडन्स सेंटर. आपल्याला स्वतःच्या पगाराच्या स्लिपवरचे अर्धे रकाने कळत नाहीत, पण दुसऱ्याच्या पोरीचं आयुष्य मार्गी लावायला आपण तय्यार!

बाय म्हणजे माझी सर्वात धाकटी आतेबहीण. सगळे घेतात म्हणून सायन्स घेतलं, बऱ्यापैकी मार्क मिळवले आणि आता म्हणते, होम सायन्सला जायचंय. त्यातही रिसोर्स मॅनेजमेंटला. कुटुंबाचा पैसा, वेळ, वस्तू, कर्ज, विमा, ग्राहक म्हणून आपले हक्क, या सगळ्याचा अभ्यास. अमेरिकेत काही ठिकाणी याच्याच जवळच्या विषयाला फॅमिली अँड कन्झ्युमर इकॉनॉमिक्स असं भारदस्त नाव आहे. काकांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, "भाजी चिरायला डिग्री कशाला?" (माझ्या मास कॉमच्या वेळी ते म्हणाले होते, "पेपर वाचायला डिग्री कशाला?" आम्ही मनाला लावून घेत नाही.)

पण खरं सांगू? माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. होम सायन्स म्हणजे लग्न ठरेपर्यंतचा टाइमपास, हा समज आपल्या डोक्यात कधी आणि कुणी घातला कोण जाणे. मी शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली ती बायला समजवायला. म्हणजे, 'नको करूस' हे समजवायला.

तिनं माझ्यासमोर एक वही ठेवली.

काकांची कलमं आहेत. म्हणजे घरात पैसा येतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि पुरवायचा असतो पुढच्या मार्चपर्यंत. मोहोर गळला की वर्षच गळलं. बाकी आधार आत्याच्या आंबापोळी-फणसपोळीचा आणि कोकमांचा. महिन्याच्या एक तारखेला पगाराचा एसएमएस येणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे गणित झेपणारच नाही. बायच्या वहीत आठवीपासूनचा हिशेब आहे. किराणा, गॅस, खतं, फवारणी, लग्नाचे आहेर, सगळं. आणि मागच्या पानावर तिनं काढलं होतं की घरच्या शंभर रुपयांतले खाण्यावर किती जातात.

तिला माहीत नव्हतं, पण हाच उद्योग १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं बेल्जियमच्या कामगारांचे घरखर्च घेऊन केला होता (मार्क्सचा दोस्त तो वेगळा). उत्पन्न वाढतं तसा खाण्यावरचा वाटा कमी होत जातो, हा त्याचा नियम आजही अर्थशास्त्रात शिकवतात. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांच्या खर्चातला ४७ टक्के वाटा खाण्यावर होता, शहरी कुटुंबांत जवळपास ४० टक्के. बायनं दोन्ही आकडे वहीत स्वतःच्या आकड्याशेजारी लिहून घेतले. माझं 'नको करूस' तिथेच गळपटलं.

काकांना मी २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेचे आकडे वाचून दाखवले. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. काका म्हणाले, "८८ मिनिटं? कोण आहेत हे?" आतून भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला.

मग आत्यानं मिक्सरची गोष्ट काढली. गॅरंटीत असलेला मिक्सर कंपनी बदलून देईना, तेव्हा अकरावीतल्या बायनं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तीन आठवड्यांत नवा मिक्सर घरी आला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, हे तिनंच तेव्हा मला सांगितलं होतं. मी सोयीस्कर विसरले होते.

आता प्रश्न उरला कुठे आणि कितीत. खरी मजा इथून पुढे आहे, कारण जाहिरातींवर विश्वास ठेवून डिग्री निवडणं म्हणजे पेटीचा वरचा थर बघून आंबे घेणं.

नावं शोधायला वेळ लागला नाही. मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं होम सायन्स कॉलेज आणि मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन. पुण्यात कर्वे रोडला एसएनडीटीचंच होम सायन्स. परभणीला कृषी विद्यापीठाचं कॉलेज, जिथे आता या कोर्सला कम्युनिटी सायन्स म्हणतात. तो चार वर्षांचा आहे आणि तिथे रिसोर्स मॅनेजमेंट अँड कन्झ्युमर सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे. पण रत्नागिरीहून परभणी म्हणजे अर्धा महाराष्ट्र ओलांडायचा. आत्यानं नकाशा बघून नुसती मान हलवली. याशिवाय घरचा पर्याय होताच: घरी राहून गोगटे-जोगळेकर कॉलेजमध्ये इकॉनॉमिक्स घेऊन बीए.

काही कॉलेजांना आम्ही स्पीकरवर फोन लावले. पहिला प्रश्न बायला सुचलाच नव्हता, तो मी विचारला: ही शाखा माहितीपत्रकात आहे, पण गेल्या वर्षी तिच्यात किती मुली होत्या? एका ठिकाणी (नाव घेत नाही) उत्तर आलं, "पुरेशा मुली आल्या तर चालू करतो, नाहीतर न्यूट्रिशनला घालतो." म्हणजे तीन वर्षांची फी भरून हाती भलताच विषय! दुसरा प्रश्न अनुदानित तुकडी आहे की विनाअनुदानित. एकाच इमारतीत, एकाच डिग्रीसाठी दोन वेगळ्या फिया असू शकतात, हे शहरात शिकलेल्यांनाही कित्येकदा ठाऊक नसतं. नॅकची ग्रेड विचारली की सगळे छान सांगतात, म्हणून ती कुठल्या वर्षाची तेही विचारायचं. आणि नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं की चौथं वर्ष ऑनर्सचं करायचं, तेही आत्ताच ठरवायला हवं, कारण चौथं वर्ष म्हणजे चौथी फी.

रात्री जेवणं झाल्यावर बायनं वहीत कोरं पान काढलं. फी, हॉस्टेल, मेस, लोकल पास, वर्षाच्या चार फेऱ्या. एकीकडे मुंबई, दुसरीकडे पुणे, तिसरीकडे घर. अनुदानित तुकडीत फी ही सगळ्यात लहान रक्कम निघाली, हे बघून आत्या चक्रावलीच. तिची एफडी मुंबईत दोन वर्षं पुरत होती. तिसरं वर्ष आंब्याच्या मोहोरावर. ती एफडी कशासाठी जमवलेली होती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. काका एवढंच म्हणाले, "दागिने नंतर बघू."

पण लगेच खिंडही लढवली. "आमचे अण्णा कर्वे मुरूडहून साताऱ्याला चालत गेले परीक्षेला. त्यांना कुठलं हॉस्टेल?"

"आणि वयानं लहान दिसतात म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही," बाय म्हणाली. "आधी चौकशी करायला हवी होती."

दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या याच गणिताच्या मास्तरांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. तिथली सुरुवातीच्या काळातली पदवी होती 'गृहीतागमा'. ऐकायला गृहिणीसारखं वाटतं, पण अर्थ आहे जिनं विद्या ग्रहण केली ती. कर्व्यांनी घरसंसाराच्या विषयांना अभ्यासक्रमात जागा दिली ती बाईचं मुख्य काम घरातच, या समजुतीतून, आणि ते मला आजही पटत नाही. घराचा हिशेब हा फक्त मुलींचाच विषय का? माझ्या ऑफिसातल्या, क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरून खूश होणाऱ्या चार मुलांना मी आधी या कोर्सला बसवेन.

नोकरीचं विचाराल तर सरळ सांगते, ही इंजिनीअरिंगसारखी कॅम्पसमधून उचलून नेणारी डिग्री नाही. ग्राहक संघटना, बचत गटांचं काम, हॉटेलांतलं हाउसकीपिंग, बँका-विमा, आणि पुढे एमएस्सी करून नेट दिली तर शिकवणं. बायला हे सांगितलं, तिनं तेही लिहून घेतलं.

शेवटी असं ठरलं की जुहूचा फॉर्म भरायचा, पण हॉस्टेल मिळालं तरच जायचं. बाहेर पीजी परवडत नाही, आणि पहिल्याच वर्षी एज्युकेशन लोन घ्यायला बाय तयार नाही. गोगटे-जोगळेकरचा फॉर्मही भरून ठेवायचा. मला स्वतःला वाटतं तिनं मुंबईलाच यावं, हवं तर लोन काढून. पण मोहोराकडे बघत वर्ष काढायचं असतं ते तिच्या घराला, मला नाही.

काल रात्री तिचा फोन आला. हॉस्टेलची यादी अजून लागलेली नाही. पण तिनं परस्पर मेसवाल्या बाईंचा नंबर मिळवला होता.

"ताई, गणपतीला आणि दिवाळीला मी घरी येणार. तेवढ्या दिवसांचा खाडा धरतात का, ते विचारलं."

"मग?"

"सलग पाच दिवस असतील तर धरतात. गणपतीला मी पाच दिवस राहीन."