अभ्यासक्रम ठरवताना वर्गातल्या बाईंनाही विचारा

संपादक महोदय,


शाळेत भाषा किती आणि कोणत्या असाव्यात, यावर हल्ली सगळेच बोलतात. पुढारी बोलतात, टीव्हीवर वाद होतात, रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात आपणही बोलतो. पण उद्या सकाळी फळ्यासमोर उभे राहून ती भाषा ज्यांनी शिकवायची, त्यांना फारसे कोणी विचारत नाही. मी बेळगावात एकतीस वर्षे मराठी शिकवले, त्यातली काही वर्षे हिंदीही. म्हणून हे पत्र.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्रिभाषा सूत्र ठेवले. तीनपैकी निदान दोन भाषा भारतीय असाव्यात आणि कोणत्याही राज्यावर कुठली भाषा लादू नये, असे त्यात म्हटले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्यांना आर-१, आर-२, आर-३ अशी नावे दिली. आर-१ म्हणजे मूल ज्या भाषेत पहिल्यांदा लिहायला-वाचायला शिकते ती, शक्यतो मातृभाषा. आर-३ सहावीपासून. कागदावर हे छान बसते.

आता आमच्या वर्गात या. माझ्याकडे एक मुलगी होती. घरी कोकणी, शाळा मराठी, गल्लीत कन्नड, शिवाय इंग्रजी आणि हिंदीचे तास. वर्गात ती तोंडच उघडत नसे. मी तिला सरळ 'मंद' ठरवले होते, हे आज कबूल करते. एकदा शाळा सुटताना फाटकापाशी ती आजीला दिवसभराची हकिकत सांगत होती. अशी रंगवून सांगत होती की मी थबकले. दुसऱ्या दिवशी तिला म्हटले, "आधी कोकणीत सांग, मग आपण दोघी मराठीत मांडू." वर्ष संपेपर्यंत ती निबंध लिहू लागली. तिची आर-१ कोणती? शाळेच्या दप्तरी मराठी, आणि तिच्या जिभेवर कोकणी. अशी मुले सीमाभागात प्रत्येक वर्गात बसलेली असतात.

दुसरी गोष्ट उच्चारांची. कन्नड घरातले मूल 'चहा'तला च 'चाक'लाही लावते. आपण दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, मग ते बिचारे काय करणार? उलट कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, तिथे आमची मराठी मुले अडखळतात. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, मुलांच्या चुकांनी शिकवले.

महाराष्ट्रात काय झाले ते पाहा. पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ रोजी निघाला, १७ जूनला तो बदलला आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. हिंदी असावी की नसावी, हा वाद बाजूला ठेवू. लिपी एकच, म्हणून हिंदी सोपी जाईल, असे बरेच जण म्हणत होते. पहिलीच्या बाईंना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते की लिपी एक असल्यानेच गोंधळ होतो. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण आणि मराठीत छडी! ज्याला अजून काना-मात्रा नीट लागत नाही, त्याने हे कसे निस्तरायचे?

शिक्षक समित्यांवर मुळीच नसतात, असे नाही. पुस्तकांच्या पहिल्या पानांवर काही नावे असतात. पण आराखडा आधी ठरतो आणि शिक्षकाला मग प्रशिक्षणाला बोलावतात. मीही अशा प्रशिक्षणाला बसले आहे. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरून दिला. त्याचे पुढे काय झाले, कधीच कळले नाही.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकांना फक्त आपल्या विषयाचे तास वाढवून हवे असतात. खरे आहे, आम्हीही माणसेच. म्हणून तर एकाच शाळेतल्या सगळ्या भाषांच्या शिक्षकांना एकत्र बसवा. मूल एकच असते, त्याच्या डोक्यावर चार भाषांचे ओझे चौघे जण वेगवेगळे ठेवतात आणि एकमेकांना विचारतही नाहीत.

माझे मागणे मोठे नाही. भाषांच्या प्रत्येक समितीवर आज वर्गात शिकवणारे शिक्षक घ्या, सीमाभागातलेही घ्या, आणि त्या दिवसांपुरती त्यांना शाळेतून मोकळीक द्या. नवा मसुदा आधी काही शाळांत वर्षभर चालवून पाहा, मगच छापा. आणि शिक्षकांनी केलेल्या सूचनांपैकी काय घेतले, काय सोडले आणि का, हे लेखी कळवा.

विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत होते, आणि मदतीला वैजनाथ पंडित होते. शिकवणारा आणि भाषा जाणणारा, दोघे एकत्र बसले तेव्हा ते पुस्तक झाले. दोनशे वर्षांनंतर आपण एवढे तरी करू शकतो.

आपल्या मंडळीत आणि शेजारीपाजारी भाषा शिकवणारे पुष्कळ जण आहेत. त्यांनी वर्गात जे पाहिले ते लिहून पाठवावे. पुढच्या वेळी मसुदा हरकती-सूचनांसाठी येईल, तेव्हा आपल्याजवळ सांगण्यासारखे काही असावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव